फ्रीजचं शेपूट आणि आबांचा गूळ

चहात साखर किती घालू, हे मी हल्ली कुणालाही विचारत नाही. डबा पुढे ठेवतो, ज्याची त्याने घ्यावी. कुणी किती गोड खाल्लं याची चौकशी करायचा हक्क मी मागच्या उन्हाळ्यात कायमचा गमावला. कसा गमावला ते सांगतो. हसायला माझी हरकत नाही, गावाने हसून घेतलंच आहे. फक्त आबांसमोर हसू नका.

आबा म्हणजे माझे वडील. पनवेलच्या पुढे, लोधिवलीच्या अलीकडे आमचं गाव आणि गावाखाली आमची भातशेती. त्या शेतीच्या जिवावर आबांनी मला शिकायला पार बनारसला पाठवलं. तिथे मी पदार्थविज्ञान शिकलो, खादी वापरायला शिकलो आणि देशातलं सगळं दुःख अज्ञानातून येतं हेही शिकलो. हे तिसरं फार वाईट! ते शिकून आलेल्या माणसाला उंबरा ओलांडल्यापासून घरात नुसतं अज्ञानच दिसायला लागतं.

परत आलो आणि जवळच्या चौक गावच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. शिवाय रोज पहाटे उठून आख्खी आळी झाडायचो. एकटा! लोकांना कित्ता घालून द्यावा म्हणून. लोकांनी काय केलं असेल? "मास्तर झाडनारच हायत" म्हणून घरातला केर माझ्या वाटेवर आणून टाकायला लागले. पण मी खचलो नाही. खचलो असतो तर बरं झालं असतं, कारण पुढचं सगळं टळलं असतं.

तर आबांना मधुमेह. रोज सकाळी इन्शुलिनची सुई. ती आई टोचायची. चौकच्या डॉक्टरांनी तिला शिकवलं होतं. काचेची सिरिंज चुलीवर उकळायची, बाटलीतून औषध ओढायचं आणि देवाचं नाव घेऊन टोचायचं. आणि बाटली ठेवायची कुठे? पडवीच्या सावलीत एक मडकं होतं. मडक्यात ओली वाळू, वाळूत छोटं बोळकं, बोळक्यात बाटली आणि वरून ओलं फडकं. चार वर्षं हे असंच चाललं होतं आणि आबा ठणठणीत नांगर धरत होते.

मी ते मडकं पाहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला. माणूस चंद्रावर जाऊन आला, आणि आमच्याकडे औषध मडक्यात!

"आई, हे औषध थंड जागी ठेवायचं असतं. खोक्यावर लिहिलंय."

"थंडच हाय की. हात लावून बग."

"हाताने तापमान कळत नाही, आई."

"मंग तुला ताप आल्यावर कपाळाला काय लावत व्हते मी? पाय?"

आता या अज्ञानापुढे काय बोलणार? मी कृती केली.

मोहोपाड्याच्या कॉलनीतले एक साहेब बदलून चालले होते. त्यांना त्यांचा फ्रीज काढायचा होता. फ्रीज कसला, ऐरावत! वयाने माझ्यापेक्षा मोठा, विलायती, गोल खांद्यांचा, मोटारीच्या दारासारखी मूठ असलेला. आमच्या गावचे दुकानदार हुसेनभाई, त्यांच्या टेंपोत घालून आणला. आईने त्याला कुंकू लावलं, नारळ फोडला. आबांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली, बैलाचे दात बघावेत तसा दरवाजा उघडून आत पाहिलं आणि म्हणाले, "म्हातारा हाय."

"जुनं काम आहे आबा. अजून तीस वर्षं टिकेल."

"मंग माज्यापेक्षा जास्त टिकंल. बरं झालं, तुला सोबत व्हईल."

त्यांच्या बोलण्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. मी मडकं उचललं, परसात नेलं आणि एका दगडावर आपटून फोडलं. जुनं युग संपलं, असं काहीतरी माझ्या मनात होतं. मागे वळून पाहतो तर आई तोंडाला पदर लावून उभी.

"मडकं फोडतोस? जित्या बापाच्या घरात?"

मडकं मुलगा कधी फोडतो, हे मला माहीत नव्हतं थोडंच? पण मी विज्ञानवादी! मी तिला अंधश्रद्धेवर दहा मिनिटं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग वाकून खापऱ्या गोळा करायला लागली.

फ्रीज सुरू झाला. घर्र घर्र, घर्र घर्र. आणि थोड्या वेळाने गप्प! पंधरा मिनिटं गप्प. पुन्हा घर्र घर्र, पुन्हा गप्प. मी समोर पाट टाकून घड्याळ घेऊन बसलो. हा प्राणी अर्धा वेळ झोपा काढत होता! आत एक वाटोळं बटण होतं, एक ते सात आकडे असलेलं. एकवर ठेवलं, झोपा. चारवर ठेवलं, झोपा. सातवर ठेवलं तरी मधेमधे डुलक्या. शाळेतला थर्मामीटर आणून खालच्या कप्प्यात ठेवला. बाहेर होळीनंतरचं ऊन, आणि आत मला हवा तेवढा गारवा नाही. निष्कर्ष उघड होता. तापमानाचा कंट्रोल बिघडला!

पनवेलहून मेकॅनिक बोलवावा, असं आबा म्हणाले. मी हसलो. पदार्थविज्ञानाच्या पदवीधराने मेकॅनिक बोलवायचा? आता खरं सांगायचं तर पदवी मिळेपर्यंत मला फ्रीजचं पोट कुणी दाखवलं नव्हतं. पण तत्त्व माहीत होतं ना! तत्त्व माहीत असलं की माणूस स्क्रू खोलायला मोकळा होतो.

बटणामागची पेटी मी उघडली. तिच्यातून तांब्याची एक बारीक नळी निघाली होती, उंदराच्या शेपटासारखी. ते शेपूट वर गेलं होतं आणि त्याचं टोक बर्फाच्या कप्प्याला पट्टी लावून स्क्रूने आवळलं होतं. ते पाहिलं मात्र आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अहो, तापाच्या रोग्याच्या कपाळावर बर्फाची पिशवी ठेवायची आणि थर्मामीटर रोग्याऐवजी पिशवीत खुपसायचा, अशातला हा प्रकार! हे शेपूट स्वतः बर्फाला टेकून बसलेलं. त्याला वाटणार, सगळीकडे गारच आहे! खालच्या कप्प्यातल्या गरीब दुधाची त्याला काय कल्पना? मला तर ते शेपूट एकदम मंत्रालयातलं वाटलं.

मी स्क्रू काढला. शेपूट खाली ओढलं, जनतेत आणलं आणि दाराजवळच्या कप्प्याला दोऱ्याने बांधलं. बटण चारवर ठेवलं. आता बघ म्हटलं जगाचा ताप!

फ्रीज सुरू झाला आणि थांबलाच नाही. सकाळी घर्र घर्र, दुपारी घर्र घर्र, जेवताना घर्र घर्र. बटण दोनवर केलं तरी तेच. काय सांगू तुम्हाला माझा आनंद! मी वर्गात मुलांना सांगितलं, निष्काम कर्म कसं असतं ते बघायचं असेल तर आमच्या घरी या.

दोन दिवसांनी आई म्हणाली, "वसंता, दुदाचा धोंडा झालाय."

"म्हणजे उत्तम चाललंय."

"वरवंट्यानं फोडावा लागतो रं."

"फोड. पण नासत नाही ना?"

"नासायला पातळ नको व्हायला?"

अंडी तडकली, काकड्यांच्या काचा झाल्या. मी म्हटलं, हे तपशील आहेत. औषधाची बाटली दाराच्या वरच्या खणात, मानाच्या जागी ठेवली होती. इन्शुलिनला अखेर त्याच्या योग्यतेचं घर मिळालं होतं.

यानंतर आबा बिघडायला लागले.

मी रोज सकाळी झाडलोट करून सातला घरी यायचो आणि आबांच्या लघवीची तपासणी करायचो. परीक्षानळीत निळं औषध घ्यायचं, त्यात आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं की साखर नाही. हिरवं झालं की थोडी, पिवळं झालं की जास्त आणि विटेसारखं लाल झालं की बघायलाच नको. मडक्याच्या दिवसांत निळं नाहीतर हिरवट यायचं. फ्रीज आल्यावर आठवड्यात पिवळं झालं. मग नारिंगी. मग वीट!

आता तुम्हीच सांगा, शास्त्रीय विचार करणारा माणूस कशावर संशय घेईल? औषध तेच, उलट आता जास्त चांगलं ठेवलेलं. मग बदललं काय असेल? आबांचं खाणं!

"आबा, काय खाल्लंत?"

"भाकरी."

"आणखी?"

"आंबाडीची भाजी."

"आणखी काय?"

"तुज्या शिव्या. त्या काय गोड नसतात."

मी गुळाच्या डब्याला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी वीट. भात निम्मा केला. वीट! आबा तांब्यावर तांब्या पाणी पीत होते, कातडं सैल पडत होतं. त्यात राब भाजताना, म्हणजे रोपांसाठी जमीन जाळून तयार करताना, एक निखारा त्यांच्या उजव्या पायाच्या बोटावर पडला होता. एरवी असल्या जखमेवर ते चिमूटभर हळद दाबायचे आणि विसरायचे. ही भरेचना.

"आबा, एकदा खरं सांगा. मी रागावणार नाही."

"गळ्याशप्पत सांगतो वसंता, गोडाला जीभ लावली नाय."

शपथ! शपथेवर विश्वास ठेवायला मी काय बनारसला गेलो होतो? माझ्या हातात लाल परीक्षानळी होती. घरातला गूळ कुलपात, तरी साखर वाढते. याचा अर्थ पुरवठा बाहेरून होतोय!

मी थेट हुसेनभाईंच्या दुकानात गेलो. बाकावर चार माणसं विडी ओढत बसली होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हुसेनभाई, आमच्या आबांना गूळ द्यायचा नाही."

हुसेनभाईंचा तराजू हातातच राहिला. "मास्तर, आबा माज्याकडं फकस्त तंबाखू नेतात."

"त्या पुडीत तंबाखूच असते ना?"

बाकावरची माणसं हसली. संपलं. त्या हसण्यात आबांची साठ वर्षांची अब्रू गेली, पण मला ऐकू आलं नाही. दोन दिवसांत पाणवठ्यापासून देवळापर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं, की आबा तंबाखूच्या पुडीतून गूळ चोरून खातो. मुलगा विज्ञानाचा मास्तर, तो नळीत पकडतो!

वैशाखात शेजारच्या नारायणदादांच्या मुलीचं लग्न निघालं. आबा पंगतीत, वयाने सगळ्यांत मोठे म्हणून पहिल्या पानावर. मी वरणाची बादली घेऊन वाढायला. कुणीतरी आबांच्या पानात बुंदीचा लाडू वाढला. वाढलेलं नाकारू नये म्हणून आबांनी तो बोटाने पानाच्या कडेला सारला. नुसता सारला! मला काय दिसलं? त्यांची बोटं लाडवाकडे जाताना दिसली. मी बादली खाली ठेवली, वाकलो आणि भरल्या पंगतीत त्यांच्या पानातला लाडू उचलला.

"आबा, हे नाही."

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पानाला हात जोडले आणि उठले. आमच्याकडे मोठा माणूस उठला की पंगतीने घास घ्यायचा नसतो. चाळीस माणसं भाताचा कालवलेला घास हातात धरून तशीच बसली. नारायणदादा हात जोडून मागे धावले, "आबा, माज्या लेकीचं कार्य हाय, बसा हो." आबा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्यावर नाय रुसलो, दादा," आणि लंगडत घरी गेले. माझ्या एका हातात लाडू होता. तो कुठे ठेवावा, ते मला समजत नव्हतं.

त्या दिवसापासून आबा माझ्याशी बोलेनासे झाले.

पुढच्या रविवारी बोट काळपट दिसायला लागलं, तेव्हा मी झाडलोट सोडून पहाटेच चौकच्या डॉक्टरांना घरी आणलं. त्यांनी जखम पाहिली, परीक्षानळी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. "पावसाच्या आत जखम भरली नाही, तर बोट काढावं लागेल."

"ते गोड खातात, डॉक्टर," मी म्हणालो.

डॉक्टरांनी आबांकडे पाहिलं. आबा आढ्याकडे बघत होते. डॉक्टर आईला म्हणाले, "काकू, आजची सुई माझ्यासमोर द्या. हात बरोबर आहे का बघू."

आई उठली. फ्रीज उघडला, बाटली काढली आणि खाली ठेवली. टक्क! गारगोटी ठेवावी तसा आवाज. मग तिने चुलीवरचं गरम पाण्याचं पातेलं उतरवलं आणि बाटली त्यात बुडवून शांतपणे धरून बसली.

डॉक्टर म्हणाले, "काकू, हे काय करताय?"

"पातळ करते. थिजलेलं सुईत येत नाय."

"रोज असं करता?"

"फ्रीज आल्यापासनं रोजच."

मी म्हणालो, "आई, मला का नाही सांगितलंस?"

"तू पहाटं झाडायला जातोस ना. आनि काय सांगू? तू एवढ्या हौशीनं आनलास. मला वाटलं, शिकलेल्यांचं औषध असंच असंल. बोलले तर तुला वाईट वाटंल."

डॉक्टर फ्रीजपाशी गेले. आत हात घातला आणि दोऱ्याला बांधलेली नळी बाहेर ओढली. "हे शेपूट इथे कुणी बांधलं?"

आता काय, घरात दुसरा पदवीधर नव्हता.

त्यांनी खिशातल्या छोट्या चाकूने शेपूट परत बर्फाच्या कप्प्याला आवळलं. आवळता आवळता मला सांगितलं, की कप्पा पुरेसा गार झाला हे या शेपटाला कळायचं असतं. ते कळलं की यंत्र थांबतं. मधेमधे गप्प बसणं हा बिघाड नव्हता, त्याचं कामच ते होतं. मी त्याला आंधळं केलं, म्हणून ते दोन महिने सगळ्याचा बर्फ करत राहिलं. मग त्यांनी इन्शुलिनचं खोकं माझ्या हातात दिलं. थंड जागी ठेवा, ही ओळ मी वाचली होती. तिच्याखाली आणखी एक ओळ होती. गोठू देऊ नका.

"एकदा गोठलं की याच्यात दम राहत नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही गोठवत होता, काकू उकडत होत्या. आबांना जवळजवळ पाणीच टोचलं जात होतं. गोड कशाला खायला हवं?"

थोड्या वेळाने फ्रीज गप्प झाला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. त्या शांततेत आबांनी उसासा टाकलेला मी ऐकला.

नव्या बाटलीने आठवड्यात नळी हिरवी झाली. जखम हळूहळू भरली, बोट वाचलं. पण पाय चिखलात घालायला डॉक्टरांनी मनाई केली, म्हणून लावणीला आबा नव्हते. बांधावर खुर्ची टाकून ते दुसऱ्यांनी लावलेली वाकडी रांग बघत बसायचे. एक दिवस तिथूनच, माझ्याकडे न बघता, ते पहिल्यांदा बोलले.

"जिथं बोललास, तिथं जाऊन सांग."

मी त्याच संध्याकाळी हुसेनभाईंच्या दुकानात गेलो. बाक भरलेला होता. नारायणदादाही होते. मी कागदावर फ्रीजची आकृती काढून नेली होती. शेपूट समजावलं, बर्फाचा कप्पा समजावला, गोठल्यावर औषधाचा दम कसा जातो तेही समजावलं. शेवटी हात जोडून म्हणालो, "आबांनी गूळ खाल्ला नव्हता. एक कणसुद्धा नाही. सगळी चूक माझी."

नारायणदादांनी खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले. मला वाटलं, पोचलं!

"पोरगा असावा तर असा," दादा म्हणाले. "बापाची चोरी आपल्या अंगावर घेतली."

"दादा, अहो, चोरी नव्हतीच! हे बघा, ही नळी..."

"ऱ्हाऊ दे रं वसंता. समजलं आमाला."

"अहो, काय समजलं?"

हुसेनभाईंनी माझा हात हातात घेतला. "मास्तर, बापाची इज्जत राखायला माणसानं एवढं चित्र काडून आनावं! दुसरा कोन करंल?"

बाकावरच्या चारही माणसांनी माना डोलावल्या. एकाने मला चहा सांगितला. मी ओरडून ओरडून सांगत होतो आणि जितकं ओरडत होतो तितका त्यांच्या डोळ्यांत मी थोर होत होतो.

घरी आलो. आबा ओटीवर पाय पसरून बसले होते.

"काय बोलली मानसं?"

मी सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. मग म्हणालो, "आबा, मी हरणार नाही. उद्या शाळेतला फळा घेऊन जातो. मुळापासून समजावतो."

आबांनी पायाच्या बोटावरून हात फिरवला. मग म्हणाले, "नको रं बाबा. आज नुसत्या गुळावर भागलंय. उद्या तू फळा घेऊन समजावलंस, तर साखरेचं पोतं यायचं माज्या अंगावर."